बांधाला बांध, ग्लासात चुरस

दोन द्राक्षबागा, मधे फक्त एक बांध. माती तीच, पाऊस तोच, वाणही बहुतेक तोच. तरी एका बागेची बाटली शेजारच्या बागेपेक्षा कितीतरी चढ्या भावाने जाते. हा फरक द्राक्षात आहे की नावात? लेबल झाकून चाखायला बसलं की कळतं. म्हणूनच शेजाऱ्याशेजाऱ्यांचं ब्लाइंड टेस्टिंग हा वाईनच्या दुनियेतला सगळ्यात रंगणारा खेळ आहे. त्यातले हे काही भन्नाट किस्से.

आधी जावई, मग सासरे

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या उत्तरेला पोइयाक नावाचं गाव आहे. तिथल्या शातो मुटों आणि शातो लाफित या बागा अगदी एकमेकींना खेटून. १८५३ मध्ये नॅथॅनिएल द रॉथशिल्डने मुटों विकत घेतली. १८६८ मध्ये शेजारची लाफित घेतली जेम्स द रॉथशिल्डने. हा जेम्स म्हणजे नॅथॅनिएलचा काका, आणि सासराही!

मधल्या काळात, १८५५ मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव बघून बागांची प्रतवारी लावली. पहिल्या वर्गात रेड वाईनच्या चारच बागा: लाफित, ला-तूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. जावयाच्या मुटोंला दुसऱ्या वर्गात बसवलं. पुढे मुटोंचा मालक बॅरन फिलिप द रॉथशिल्ड याने या यादीविरुद्ध कित्येक दशकं झुंज दिली. अखेर १९७३ मध्ये मुटों पहिल्या वर्गात गेली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. मुटोंच्या त्या वर्षीच्या लेबलवर पिकासोचं चित्र आहे. जुन्या यादीतून पहिल्या वर्गात चढलेली ही एकमेव बाग.

पॅरिसमधली ती दुपार

२४ मे १९७६. पॅरिसमध्ये दुकान चालवणारा इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर याने नऊ नामांकित फ्रेंच परीक्षकांना बोलावलं. रेड वाईनच्या दहा बाटल्या, चार बोर्दोच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. कुठली कुठली, हे झाकलेलं. गुण वीसपैकी. बातमीसाठी हजर होता एकच पत्रकार, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर.

पहिली आली कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने सोव्हिन्यों. बाग लावली होती १९७० मध्ये, म्हणजे वेली अजून कोवळ्याच होत्या! दुसरी आली मुटों, नऊ जणांच्या बेरजेत जेमतेम दीड गुणाने मागे. निकाल ऐकल्यावर परीक्षक ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने ती दिली नाही.

अमेरिकेने फ्रान्सला हरवलं, एवढीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. शेजाऱ्यांचा किस्सा मात्र त्याहून मजेदार आहे. त्या दहांत क्लो द्यू वाल नावाची एक वाईन होती. तिची वायनरी स्टॅग्ज लीपच्याच परिसरात, सिल्व्हराडो ट्रेल या एकाच रस्त्यावर. वाईन बनवणारा बर्नार पोर्ते जन्माने फ्रेंच. त्याचे वडील शातो लाफितचे तांत्रिक प्रमुख होते, त्यामुळे लहानपणापासून तो वाईनमध्येच वाढलेला. १९७२ हा क्लो द्यू वालचा पहिलाच हंगाम. पॅरिसमध्ये शेजारी पहिला आला, ही आठवी.

दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, न्यूयॉर्कच्या फ्रेंच कलिनरी इन्स्टिट्यूटमध्ये त्या दहांपैकी नऊ वाईन पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. या वेळी क्लो द्यू वाल पहिली आणि स्टॅग्ज लीप सहावी! दहा वर्षं बाटलीत मुरल्यावर सगळा क्रम उलटापालटा झाला. तरुण वयात कडक आणि तुरट लागलेली वाईन दहा वर्षांत मऊ होऊ शकते, कारण तुरटपणा देणारे टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जातात आणि जिभेवरची खरखर कमी होते. सुरुवातीला छाप पाडणारी वाईन तोवर उतरणीला लागलेली असू शकते. माझ्या मते १९७६ चा निकाल हा १९८६ च्या निकालाशिवाय सांगूच नये.

आणि मुटोंचं बघा. पॅरिसमध्ये तिची बाटली १९७० ची होती, म्हणजे ती दुसऱ्या वर्गात होती त्या काळातली. तीच सगळ्या फ्रेंच वाईनमध्ये अव्वल आली, पहिल्या वर्गातल्या ओ-ब्रियोंच्याही पुढे.

रस्ता ओलांडला की चव बदलते

ओ-ब्रियों आज बोर्दो शहराच्या वस्तीने वेढलेली आहे. १८५५ च्या यादीतली, मेदॉक या बोर्दोच्या उत्तरेकडच्या पट्ट्याबाहेरची ही एकच रेड वाईन, आणि तिचं नाव यादीच्याही फार आधी गाजलेलं. लंडनच्या सॅम्युएल पीप्सने १६६३ मध्ये एका दारूगुत्त्यात ही वाईन प्यायल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे.

रस्त्याच्या पलीकडे ला मिस्यों ओ-ब्रियों. दोघींची जुनी स्पर्धा. १९८३ मध्ये ओ-ब्रियोंच्या मालकांनी, म्हणजे डिलन कुटुंबाने, ला मिस्यों विकत घेतली. मालक एक झाला, वाईन बनवणारी मंडळी एक झाली. तरी वाईन दोन वेगळ्याच राहिल्या. सवयीचे लोक डोळे मिटून सांगतात की ला मिस्यों जास्त दणकट, ओ-ब्रियों जास्त नाजूक. हात तेच असताना फरक टिकतो, मग तो जमिनीतूनच येत असणार. मातीचा गुण दाखवणारा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

ओढ्यापलीकडचा ‘महाराजा’

लाफितच्या उत्तरेला एक ओढा आहे, त्याच्या पलीकडे सँ-तेस्तेफ गाव. टेकडीवर कॉस देस्तुर्नेलची इमारत दिसते आणि आपण फ्रान्समध्येच आहोत ना, असा प्रश्न पडतो, कारण तिच्या डोक्यावर चक्क पॅगोडे आहेत! मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल आपली वाईन थेट हिंदुस्थानात पाठवायचा. न खपलेला माल बोटीने परत आला की त्यावर तसा शिक्का मारून तो अभिमानाने विकायचा, कारण समुद्रप्रवासाने वाईन छान मुरते अशी त्याची खात्री होती. लोक त्याला सँ-तेस्तेफचा महाराजा म्हणायचे. कर्जापायी १८५२ मध्ये बाग विकावी लागली आणि पुढच्याच वर्षी तो गेला. दोन वर्षांनी आलेल्या यादीत त्याची बाग दुसऱ्या वर्गात झळकली. ते त्याला बघायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

गंमत म्हणजे लाफितच्या मालकीचा एक तुकडा याच सँ-तेस्तेफच्या हद्दीत आहे. तरीही त्या द्राक्षांना पोइयाकचं नाव लावायची खास परवानगी आहे.

दोन एकरांची शान

फ्रान्समधल्याच बर्गंडीतल्या व्होन-रोमाने गावात बागा आणखी चिमुकल्या. ला रोमाने ही अवघी ०.८५ हेक्टरची, म्हणजे दोन एकरांच्या आसपास. तिच्या खालच्या अंगाला रोमाने-कोंती, १.८१ हेक्टर. रोमाने-कोंती आणि ला ताश या दोन बड्या नावांच्या मधोमध ला ग्रांद र्यू नावाची पट्टी आहे. दोन्हीकडे सर्वोच्च दर्जाचे शेजारी असूनही तिला स्वतःला तो दर्जा मिळायला १९९२ साल उजाडलं.

जीभ भोळी, डोळे लबाड

झाकायचं कशासाठी? २००१ मध्ये बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाईन ठेवली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकच वाईन एकदा १० आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हटल्यावर ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाची जाणीव टिपणारा भागही जास्त सक्रिय दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच जास्त मजा येत होती. संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी तर कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यात परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे निघाले दहातले एखादे.

आता नाशिकची पाळी

गंगापूर धरणाच्या परिसरात सुला आणि यॉर्क या वायनरी शेजारीशेजारी आहेत. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६०० मीटर, दिवसा ऊन आणि हिवाळ्यात गारठलेल्या रात्री. बोर्दोत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात, इथे पावसाळ्यानंतर छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली, म्हणजे रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला घरात घेण्याची ओ-ब्रियोंची गोष्ट आपल्याकडेही घडली. दोघांचीही शिराज मिळते. ही जोडी झाकून चाखण्यासारखी आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाईनप्रेमींनी हा खेळ हौसेने खेळायला हवा.

त्यासाठी लागतं थोडंच. एकाच वर्षाच्या, एकाच वाणाच्या बाटल्या आणा. एकाने दुसऱ्या खोलीत बुचं काढून ठेवावीत, कारण बुचावरही नाव छापलेलं असतं. गळ्यावरचं वेष्टन पूर्ण सोलावं आणि बाटली कागदात गुंडाळून आकडा टाकावा. बाटलीच्या आकारावरून ओळख पटत असेल तर वाईन सरळ साध्या जगमध्ये ओतावी. दुसऱ्याने त्या बाटल्यांची जागा आणि आकडे पुन्हा बदलावेत, म्हणजे ओतणाऱ्यालाही काही कळणार नाही. वाईन साधारण १६ ते १८ अंशांवर असावी. आपल्या घरातलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं, तेव्हा आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. थुंकायला भांडं हवंच, नाहीतर चौथ्या ग्लासापासून सगळ्याच वाईन छान लागायला लागतात. एक बाटली दोन वेगळ्या आकड्यांखाली दोनदा ठेवा, हॉजसनसारखी. आणि सगळ्यांचे गुण वहीत उतरेपर्यंत तोंडातून ‘वा’ सुद्धा काढायचं नाही, कारण पहिल्याने कौतुक केलं की बाकीच्यांनाही तीच आवडू लागते.