ब्रिटनचे संघत्यागानंतरचे नियम आणि आपली द्राक्षे

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडला. संक्रमणकाळ त्याच वर्षअखेर संपला. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु नारायणगाव परिसरातील द्राक्षे युरोपात जातात. पूर्वी रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल पुन्हा जकात-तपासणी न होता लंडनला जाई. आता सीमाशुल्क व्यवस्था दोन आणि कीटकनाशकांच्या अंशमर्यादाही स्वतंत्र. म्हणून माल कोणत्या देशी जाणार, हे बागायतदारांनी फवारणीपूर्वीच निर्यातदाराला विचारावे.

पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये जाणाऱ्या गोमंतकीय बांधवांचा मुक्त वास्तव्याचा हक्कही तेव्हाच संपला. आधीपासून तेथे राहणाऱ्यांना अर्ज करून राहता आले; नंतर नोकरीसाठी जाणाऱ्यांना व्हिसा आवश्यक झाला. आप्तेष्टांपैकी कोणी निघत असल्यास दलालास पैसे देण्यापूर्वी हा फरक त्यांना अवश्य सांगावा, अशी आमची विनंती आहे.