तोंडातली जखम आणि तीन फोन नंबर



मागच्या दिवाळीच्या सुमारास धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या मावशी आमच्या शिबिरात आल्या. गालाच्या आत बोराएवढी जखम, तीन महिन्यांपासूनची. तपासणीत कर्करोग निघाला, उपचार सुरू झाले, आणि दुसऱ्या खेपेनंतर मावशी रुग्णालयात गेल्याच नाहीत. तिथून फोन गेलाही असेल. पण नोंदवलेला नंबर मुलाचा होता, मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेला होता आणि तिथे त्याने सिम बदलले होते. आम्ही पाड्यावर पोचेपर्यंत दोन महिने उलटले होते. चूक आमचीही होतीच.

तेव्हापासून प्रत्येक रुग्णाचे तीन नंबर आम्ही लिहून घेतो: घरचा, आशाताईंचा आणि पाडा सोडून न जाणाऱ्या कोणाचा तरी, बहुधा किराणा दुकानदाराचा. मोबाइलमुळे कर्करोगाच्या रुग्णाला काय मदत होते असे मंडळीत कोणी विचारले, तर मी आधी या तीन नंबरांबद्दल सांगते. ॲप वगैरे नंतर.

दुसरा उपयोग फोटोचा. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडात आधी पांढरे किंवा लाल चट्टे उठतात, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम डॉक्टरांनी पाहायलाच हवी. बंगळुरूच्या दंतवैद्यांनी यासाठी फोन वापरून पाहिला आहे: गावात आरोग्यसेविकांनी तोंडाचे फोटो काढायचे आणि शहरातल्या तज्ज्ञांनी ते तपासायचे. आमच्या कार्यकर्त्याही आता फोटो काढतात. आधी चूळ भरायला लावायची, उजेडात बसवायचे, चमच्याने गाल बाजूला धरायचा. रुग्णाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि तो डॉक्टरांखेरीज कोणाला पाठवायचा नाही. प्रार्थनेच्या ग्रुपवरही नाही! फोटोवरून निदान होत नाही, त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. पण कोणाला तातडीने शहरात न्यायचे, हे त्यातून कळते. दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून जाणाऱ्या माणसाला हे कळणे मोठे आहे.

केमोथेरपी चालू असताना तर फोन जीव वाचवू शकतो. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर घरी गोळी घेऊन वाट पाहायची नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. म्हणून आम्ही रुग्णाला थर्मामीटर देतो आणि त्या आठवड्यात रोज फोन करतो. लिहिलेला संदेश पाठवून भागत नाही. पुष्कळांना वाचता येत नाही, मराठीही सर्वांच्या घरची भाषा नाही. पावरी बोलणारी आमची एक कार्यकर्ती आवाजी संदेश पाठवते. 'ताप मोजला का?' असे आपल्या बोलीत ऐकले की उत्तर येते.

सरकारची ई-संजीवनी सेवा आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) बसून तिच्यातून दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे. तो आपल्या मंडळीतल्या गुटखा खाणाऱ्या भावांनीही लिहून घ्यावा.

अडचणी आहेतच. काही पाड्यांवर रेंज फक्त टेकडीवर मिळते, पावसाळ्यात वीज गेली की फोन चार्ज होत नाहीत. घरातला फोन बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात असतो, बाईचा आजार त्याच्याच तोंडून कळतो. त्यामुळे आम्ही आशाताईंच्या हाती फोन द्यायला लागलो आहोत. आपल्या कपाटात चालू स्थितीतला जुना स्मार्टफोन पडून असेल, तर त्यातले सारे पुसून चार्जरसह कार्यालयात आणून द्यावा.

मावशींचे उपचार पुन्हा सुरू झाले आहेत, पण जखम आता जबड्यापर्यंत पोचली आहे. दर मंगळवारी आशाताई त्यांच्या घरी जातात, दुखणे किती आहे ते विचारतात आणि टेकडीवर चढून डॉक्टरांना फोन लावतात. मागच्या आठवड्यात वेदनेच्या गोळीचे प्रमाण वाढवले. मावशी दोन रात्री झोपल्या.