आवाज नेमका कुठे फाटतो?

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, तोही मराठी विषय घेऊन. त्यामुळे आज मी वायफाय, राऊटर आणि डिजिटल आवाज यांविषयी बोलणार म्हटल्यावर आधी आमच्या घरातलेच लोक हसले. पण एका अडचणीने मला यातले थोडेफार शिकायला लावले. ती अडचण आता बऱ्याच घरांत येऊ लागली आहे, म्हणून सांगतो.

आमची अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची. घरात बोलणे दखनी, पण ओवी मराठी. 1988 साली एका दुपारी मी टेपरेकॉर्डर तिच्याशेजारी ठेवला आणि एक कॅसेट भरून घेतली. अम्माला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढी एकच कॅसेट आहे. ती मी संगणकावर उतरवायला घेतली तेव्हा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "अब्बा, उतरवायचीच तर हाय-रिझोल्यूशनमध्ये उतरवा." तशी उतरवली. फाइल माडीवरच्या संगणकात राहिली. तिथून ती वायफायवरून खाली दिवाणखान्यातल्या स्ट्रीमर नावाच्या लहानशा पेटीत येते, पेटीतून ॲम्प्लिफायरमध्ये आणि पुढे स्पीकरमध्ये.

ईदला बहिणी आल्या. शीरखुर्मा झाल्यावर सगळ्यांना बसवून मी फाइल लावली. जात्याची घरघर आली, अम्माचा आवाज आला, आणि दुसऱ्याच ओवीला तो फाटला. मध्येच तुटायचा, पुन्हा यायचा, उंच सुरावर चरचरायचा. आपा म्हणाली, "टेप सडली रे. गेला अम्माचा आवाज." मी पेटी बंद केली. त्या दिवशी पुन्हा लाव, असे कुणी म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते कुणी करू नये. एकाच संध्याकाळी राऊटर हलवला, स्पीकरच्या तारा बदलल्या, पेटीची सगळी सेटिंग्ज पुसून टाकली. फरक पडला थोडा, पण कशाने पडला ते कळेना. मुलगा म्हणाला, "अब्बा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि त्याआधी, बिघडलेला आवाज कसा येतो ते नीट ऐका." कवीला आपल्या मुलाने नीट ऐकायला सांगावे, यासारखी फजिती नाही. पण सल्ला खरा होता.

आता आधी हे पाहू, की वायफायवरून जाते तरी काय? जातात फक्त आकडे. आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक माप आकड्यात लिहायचे, हे डिजिटल ध्वनिमुद्रण. सीडीसाठी एका सेकंदात 44,100 मापे घेतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत लिहितात. डावा आणि उजवा असे दोन्ही भाग धरले तर सेकंदाला 14 लाखांहून थोडे अधिक बिट होतात. हाय-रिझोल्यूशनमध्ये हीच मापे 96 हजार आणि प्रत्येक माप 24 बिटांचे असले, तर सेकंदाला 46 लाख बिट होतात. 192 हजार मापे घेतली तर त्याच्या दुप्पट. फ्लॅक नावाच्या पद्धतीने यातला एकही आकडा न गमावता फाइल बरीच लहान करता येते. तरी ओझे सीडीपेक्षा जास्तच.

घरातल्या वायफायला हे ओझे एरवी जड नाही. अडचण येते ती पुरवठ्यात खंड पडल्यावर. आपल्याकडे नळाला पाणी येते तसे समजा. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात, कधी बारीक, कधी बंद. गच्चीवर टाकी असते म्हणून स्वयंपाकघरातला नळ चालू राहतो. स्ट्रीमरच्या आतही अशी टाकी असते, तिला बफर म्हणतात. ती रिकामी झाली की गाणे तुटते. आणि बहुतेक घरगुती पद्धतींत आकड्यांची पाकिटे रजिस्टर टपालासारखी पोचपावतीने जातात. पाकीट पोचले नाही तर ते पुन्हा मागवले जाते. म्हणून उशीर होईल, गाणे तुटेल, अडखळेल, कुठे टकटक होईल. पण आवाज सलग येतो आहे आणि तरी चरचरतो आहे, असे वायफायमुळे सहसा होत नाही. त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

हे समजल्यावर मला उमगले, की आमच्या घरात एक नव्हे, दोन बिघाड होते. एक तुटण्याचा, एक चरचरण्याचा. मी दोघांना एकच समजत होतो.

तुटण्याचा शोध घ्यायला मला मिरजेचा उपयोग झाला. मिरजेचे सतार-तंबोरे प्रसिद्धच आहेत. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका कारागीर मित्राने सुचवले, की गाणे लावून तपासू नकोस, नुसता तंबोरा लाव. गाण्यात विश्रांतीच्या जागा असतात, तबल्याचे ठोके असतात, त्यात बारीक तूट लपून जाते. तंबोरा अखंड वाजतो. घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून त्याची जवारी काढलेली असते. त्या झंकारात केसाएवढा खंड पडला तरी कानाला कळतो.

अर्धा तास तंबोरा लावून बसलो. खंड पडत होता, पण कधी दोन मिनिटांनी, कधी दहा मिनिटांनी. स्वयंपाकघरात हिने मायक्रोवेव्ह लावला की हमखास पडायचा. कारण साधे होते. आमचे वायफाय 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत होते. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्हची गळती, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांची वायफाय अशी सगळी गर्दी. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतीतून लवकर क्षीण होतात, आणि आमचे घर जुने, भिंती दीड हात जाडीच्या. शेवटी राऊटरपासून संगणकापर्यंत आणि पेटीपर्यंत साधी नेटवर्कची वायर ओढली. खर्च फार आला नाही. पुन्हा तासभर तंबोरा लावला. एकदाही खंड पडला नाही.

मग अम्माची फाइल लावली. आता तुटत नव्हती. चरचर मात्र तशीच होती.

इथे आणखी काही प्रश्न विचारावे लागतात. पहिला, गाणे थांबवल्यावरही आवाज राहतो का? संथ घूं अशी गुणगुण राहत असेल तर ती आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेची असते. मग अर्थिंग आणि तारांची जोडणी पाहायची, फाइलला दोष द्यायचा नाही. दुसरा, आवाज बारीक केल्यावर चरचर जाते का? जात असेल तर ॲम्प्लिफायरला किंवा स्पीकरला झेपत नाही. तिसरा, पेटीत किंवा संगणकात बास वाढवणारे, आवाज खुलवणारे काही चालू आहे का? ते आधीच भरलेल्या आवाजात भर घालते आणि तो काठोकाठ होऊन सांडतो. ते बंद करून पाहायचे. चौथा, तेच गाणे सीडीच्या दर्जाचे लावले तर नीट वाजते का? वाजत असेल तर पेटीला मोठा दर झेपत नाही, किंवा वाटेत कुणी तो नीट न बदलता पुढे ढकलतो आहे.

आणि सर्वांत उपयोगी प्रश्न, बिघाड दर वेळी त्याच जागी येतो का? दर वेळी निराळ्या जागी येत असेल तर दोष वाटेत आहे. त्याच सेकंदाला येत असेल तर दोष बहुधा फाइलमध्येच आहे. याची खात्री करायला माडीवर जावे, संगणकाला इअरफोन लावावे आणि फाइल तिथेच ऐकावी. वायफाय नाही, पेटी नाही, ॲम्प्लिफायर नाही.

मी जिना चढून गेलो. इअरफोन लावले. दुसऱ्या ओवीला, त्याच अक्षरावर, अम्माचा आवाज चरचरला.

म्हणजे आपा म्हणाली ते खरे का? टेपच सडली का? जुनी ट्रंक उघडून कॅसेट काढली, टेपरेकॉर्डरचे हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि कॅसेट सरळ टेपवरच लावली. फस्स असा नेहमीचा टेपचा आवाज होता, पण अम्मा स्वच्छ होती. त्या अक्षरावरही स्वच्छ.

दोष माझा होता. अम्माचा आवाज मुळात बारीक. तो भरघोस यावा म्हणून उतरवताना मी पातळी वर, अगदी टोकाला लावली होती. डिजिटल मापाला एक छत असते. लाट त्या छतापेक्षा उंच गेली की तिचा माथा सपाट कापला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात आणि कानाला ते चरचरल्यासारखे लागते. फोटो काढताना माणसाचे डोके चौकटीबाहेर राहिले, तर नंतर फोटो कितीही लहान-मोठा केला तरी डोके परत येत नाही. तसेच हे. त्या फाइलचा आवाज मी कितीही कमी केला असता, तरी कापलेला माथा परत आला नसता.

24 बिटांचा खरा फायदा मला इथे कळला. एका बिटामागे साधारण 6 डेसिबल जागा मिळते. चांगल्या कॅसेटलाही 50 ते 60 डेसिबलच्या आसपास जागा पुरते. म्हणजे 24 बिटांत भरपूर जागा शिल्लक राहते आणि पातळी टोकाला न्यायची गरजच नसते. सर्वांत उंच सूर छताच्या 12 डेसिबल खाली राहील, अशी पातळी लावून मी कॅसेट पुन्हा उतरवली. मापांचा दरही 96 हजारांवरून 48 हजारांवर आणला. सीडीच्या 44,100 मापांतच सुमारे 22 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो, आणि तरुण कानालाही 20 हजारांच्या पुढे ऐकू येत नाही. माझ्या वयात तर त्याहून बरेच कमी. ज्या कॅसेटवर तेवढे बारीक काही नाहीच, तिच्यासाठी दुप्पट ओझे कशाला वाहायचे?

श्रोतेहो, तुमच्याही घरात आजोबांची, आईची, गावच्या भजनाची एखादी कॅसेट असेल. ती उतरवून घ्या आणि पातळी खालीच ठेवा. उतरवल्यावर इअरफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका. आणि फाइल झाली म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. मी ती रद्दीत घालायच्या बेतात होतो. हिने ट्रंकेत ठेवली म्हणून वाचली.

बकरी ईदला आपा पुन्हा आली. फाइल लावली. वीस मिनिटे कुणी बोलले नाही. शेवटी जाते थांबते आणि अम्मा मला विचारते, झाले का रे तुझे? हे वाक्य टेपवर आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)