एकाच कातळाची पाच नावं

कन्नडहून एका वाचकांनी विचारलं आहे की, लेखमाला निसर्गाच्या आश्चर्यांसाठी झालेल्या मतदानावर आहे, मग गेल्या वेळी तिच्यात देवगिरीचा किल्ला कुठून आला? तो तर माणसाने उभारलेला. प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर आज ठरलेली जेजू बेटाची हकिगत आठवडाभर पुढे ढकलावी लागेल. ती खुशाल ढकलतो, कारण या प्रश्नावर लिहायची संधी मी केव्हाची शोधत होतो.

जून २०१३ मध्ये ‘एबीपी माझा’ या वाहिनीने राज्याच्या पर्यटन महामंडळाला बरोबर घेऊन महाराष्ट्राची सात आश्चर्यं लोकांच्या मतांनी निवडली. निवडून आली ती अशी: अजिंठा, दौलताबादचा म्हणजेच देवगिरीचा किल्ला, रायगड, लोणार, कासचं पठार, मुंबईचं छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि गोराईचा विपश्यना पॅगोडा. वरवर पाहता यात निसर्गाच्या वाट्याला दोनच जागा आल्या, लोणार आणि कास. मला ही मोजणी पटत नाही.

देवगिरी बांधला म्हणण्यापेक्षा तासला म्हणावं. डोंगराची खालची बाजू उभी तासून काढली आहे, पायथ्याचा खंदक खडकातच खोदला आहे आणि वर जाण्याची अंधारी वाटही खडक पोखरूनच केली आहे. अंधारीत भिंतीवरून हात फिरवला की छिन्नीच्या खुणा लागतात. त्या ज्या दगडावर आहेत तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. जमिनीला भेगा पडून तो वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर चढत गेले आणि पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाखाली आहे.

आता यादी पुन्हा वाचा. अजिंठ्याला वाघोरा नदीने हेच थर कापून घोड्याच्या नालेसारखी घळ केली आणि तिच्या कड्यात लेणी कोरली गेली. दगडाचा पृष्ठभाग खडबडीत, म्हणून चित्रांआधी त्यावर मातीचा गिलावा द्यावा लागला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत खनिजांचं पाणी झिरपतं आणि स्फटिक धरतात. लेण्यांच्या पायथ्याशी विक्रेते फोडलेल्या गारगोट्या हातात धरून मागे लागतात ना, बाहेरून ओबडधोबड आणि आत लखलखीत, त्या याच पोकळ्यांतल्या. एकदा थांबून एखादी हातात घ्या. विकत नाही घेतली तरी चालेल, पण आतले स्फटिक भिंतीकडून पोकळीच्या मध्याकडे कसे वाढले आहेत ते जरूर बघा.

रायगडाचे कडे म्हणजे याच थरांची उतरंड. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून मागे सरतो. कासला तोच लाव्हा पावसाने लाखो वर्षं धुऊन त्याचा जांभा झाला. त्यावर माती इतकी पातळ आणि कसहीन की मोठी झाडं मूळ धरत नाहीत, म्हणून पठार फुलांना मोकळं मिळालं. तिथली सीतेची आसवं ही रोपं मातीतून पुरेसं पोषण मिळत नाही म्हणून इवले जीव पकडून खातात. पर्यटक ज्या निळ्या-जांभळ्या गालिच्याचे फोटो काढतात, त्यामागे दगडाची ही नापिकी आहे.

आणि लोणार. आकाशातून आलेला पाषाण याच थिजलेल्या लाव्ह्यावर, म्हणजे बेसाल्टवर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत. चंद्रावर आणि मंगळावर मात्र असा खडक विपुल, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे बुलढाणा जिल्ह्यात येतात. लोणार हे ज्वालामुखीचं मुख असावं असं पुष्कळ काळ मानलं जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निकाल लावला: विवरातल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं. आघाताच्या प्रचंड दाबाखाली दगडातल्या फेल्डस्पारची जी काच होते, ती ही.

म्हणजे सातांपैकी पाच जागा एकाच लाव्ह्याच्या. उरलेल्यांत पॅगोड्याच्या घुमटाचा दगड थेट जोधपूरहून आणलेला. लोकांनी अजिंठ्याला मत दिलं, रायगडाला दिलं, कासला दिलं. ज्याच्यामुळे हे सगळं आहे तो उमेदवारच नव्हता.

तो उमेदवार होणारही नाही, आणि अशा मतदानाविषयी माझी खरी तक्रार हीच आहे. मत मागायला नाव लागतं, हद्द लागते, एका फोटोत मावेल असं रूप लागतं, मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. निसर्गाच्या आश्चर्यांसाठी झालेल्या २०११ च्या जागतिक मतदानात प्रत्येक स्थळामागे अधिकृत समर्थन समिती असावी अशी अट होती; स्थळ अनेक देशांत पसरलेलं असेल तर त्या त्या देशातली. अ‍ॅमेझॉनने ते जमवलं. दख्खनचा लाव्हा महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणात पसरलेला. त्याची समिती कोण नेमणार? आपल्या विहिरी त्यात, पाया त्यात, शेतातली काळी माती त्याचीच, म्हणून तो बघण्यासारखा आहे हेच कुणाच्या मनात येत नाही.

लाव्हा निवडून येऊ शकत नाही असं मात्र नाही. ११ नोव्हेंबर २०११ ला जाहीर झालेल्या सात नावांत दक्षिण कोरियाचं जेजू आहे, आणि ते बेट लाव्ह्याचंच, बहुतांशी बेसाल्टचंच आहे. वयाने आपल्या दगडापुढे अगदी कोवळं, २० लाख वर्षांच्या आतलं. क्षेत्रफळ सुमारे १,८५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद-दोन तालुक्यांएवढं. पण त्याला चहूबाजूंनी समुद्राची हद्द होती, एक नाव होतं आणि एक प्रांतिक सरकार होतं. त्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर बसवून मतं कशी टाकून घेतली आणि बिलं कुणाच्या पैशाने भरली, ते पुढच्या आठवड्यात.