गिझर विझतोय? आधी खिडकी बघा

थंडी पडली की बाथरूममधल्या गॅस गिझरने घेतलेल्या बळीची बातमी येतेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, हे त्या बातम्यांखालच्या चौकटींत दर वर्षी छापून येतं. पण याच दिवसांत गिझर दुरुस्तीवाल्यांकडे सर्रास येते ती तक्रार वेगळीच असते: पेटतो, पण टिकत नाही. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमच्या भागातले एक जुने मेकॅनिक फोनवर एवढंच विचारतात, "पेटल्यावर किती वेळानं विझतो?" अर्धं निदान तिथंच होतं.

नुसतीच टिकटिक होत असेल आणि ज्योत येतच नसेल, तर बहुधा सेल उतरलेत. खालच्या डबीतल्या दोन जाड सेलांच्या पट्ट्या बाथरूमच्या वाफेने गंजतात. शॉवर बारीक केला की विझत असेल, तर पाण्याचा दाब कमी पडतोय. आतला रबरी पडदा दाबाने फुगला तरच गॅस सुटतो. टाकीच्या लगेच खालचा मजला, त्यात बोअरच्या क्षाराने तुंबलेली जाळी, मग काय होणार! जाळी काढून धुतली की काम भागतं.

चार-पाच सेकंदांत विझणारा गिझर मात्र अधिक मजेशीर. बर्नरजवळ दोन काड्या दिसतात. एक ठिणगी पाडते, दुसरी ज्योतीत बुडून नुसती उभी असते. ती उभी राहून करते काय? ज्योतीत विद्युतभारित कण असतात, म्हणून ज्योत चक्क वीज वाहून नेते. अगदी किंचित, काही मायक्रोअँपिअर. तेवढा प्रवाह काडीतून मिळाला की सर्किटला कळतं की आग आहे, गॅस चालू ठेवायला हरकत नाही. काडीवर काजळीचा किंवा पांढुरका थर बसला, किंवा ती जरा वाकून ज्योतीबाहेर गेली, की आग डोळ्यांसमोर असूनही सर्किट गॅस तोडतं. आंधळा पण इमानी पहारेकरीच तो! सिलिंडर बंद करून, गिझर गार झाल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, की बरेचदा निभतं.

न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरांच्या तळघरात चाळीस-पन्नास गॅलनची जुन्या पद्धतीची टाकी आहे, तिथं हीच तक्रार पायलटची असते. नॉब दाबून धरला तोवर ही बर्नर पेटवणारी इवलीशी ज्योत जळते, सोडला की गेली. बहुतेकदा दोष थर्मोकपलचा. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हा झेबेक यांनी १८२१ च्या सुमारास बर्लिनमध्ये दाखवलेला परिणाम. तीसेक मिलिव्होल्ट; पण तेवढ्यावर गॅसची झडप उघडी धरून ठेवता येते. ना सेल, ना प्लग. मला याचं अजून अप्रूप वाटतं. चिमणीविना चालणाऱ्या काही हीटरांत तर पायलट मुद्दाम असा बेतलेला असतो, की हवेतला ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत थर्मोकपलपासून सुटते आणि गॅस बंद होतो. म्हणजे तिथं विझणं हेच तिचं काम.

आपल्याकडे खरी भीती आठ-दहा मिनिटांनी विझणाऱ्या गिझरची. हिशेब करून बघा. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, म्हणजे एकट्याने शेगडीचे पाच-सहा बर्नर. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम ८ घनमीटर. दार-खिडकी गच्च बंद असेल, तर दहा मिनिटांत खोलीतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन संपतो. ज्योत पिवळी पडते, डगमगते, आणि विझण्याआधी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहते.

म्हणून त्या मेकॅनिकचा दुसरा प्रश्न असतो, "दार उघडं ठेवून पेटवला तर टिकतो का?" टिकत असेल, तर ते हत्यारांची पिशवी उघडतच नाहीत; गिझर बाहेर काढा म्हणतात. गिऱ्हाईक नाराज होतं, आणि तासाभरात दुसरा कुणीतरी येऊन सेन्सर 'डायरेक्ट' करून, म्हणजे सर्किटमधून वगळून, पैसे घेऊन जातो. माझ्या मते हा निव्वळ गुन्हा आहे. पण एकट्या मेकॅनिकला तरी का धरायचं? लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ मध्ये असा गिझर काढला, तेव्हा त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षांनंतरही बिनचिमणीचा गिझर आपण न्हाणीघरातच टांगतो, आणि बिल्डर तिथं एक फूटभर खिडकी देऊन मोकळा होतो. तीही हिवाळ्यात आपण पुठ्ठा लावून बंद करतो.

राहता राहिला बरोबर वीस मिनिटांनी बंद पडणारा गिझर. त्यात बिघाड नाही. अनेक मॉडेलांत तसा टायमरच असतो. त्यावर मात्र विसंबू नका. नळ बंद करून पुन्हा सोडला की त्याची मोजणी नव्याने सुरू होते. खिडकी न उघडता घरातले चौघं एकापाठोपाठ आंघोळीला गेले, तर चौथ्यालाही टायमर पुरी वीस मिनिटं देतो.