व्यसनमुक्तीची रोजकीर्द

पेढीवरच्या जमाखर्चाला दोन वह्या लागतात. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत दिवसाचा व्यवहार घडला तसा, घडल्या क्रमाने, नोंदवावयाचा. खतावणीत त्याच नोंदी निरनिराळ्या खात्यांवर वाटून मांडावयाच्या. म्हणजे कोणाकडे किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे आणि पैसा नेमका कोठे झिरपतो आहे, हे ध्यानात येते. नुसती कीर्द लिहून खतावणी न करणारा व्यापारी कष्टाळू खरा. परंतु आपल्या धंद्याची प्रकृती त्याला उमगत नाही. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाने रोजनिशी का लिहावी आणि कशी लिहावी, या प्रश्नांचे उत्तर मला या दोन वह्यांत सापडते.

प्रश्न लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यसेवन करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे कसाबसा एकजण काही उपचार घेतो, असेही त्या पाहणीत दिसून आले. उपचाराविना राहिलेल्यांचा हा समुदाय पाहिला, म्हणजे ज्याला वही आणि पेन्सिल यांपलीकडे खर्च नाही अशा साधनाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

मात्र आरंभीच एक इशारा दिला पाहिजे. पुष्कळ वर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे, असे प्रकार घडतात आणि क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच टाकावयास हवे. कोठे जावे हे ठाऊक नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक उपलब्ध आहे. रोजनिशी औषधाची जागा घेऊ शकत नाही. शरीर सावरल्यावर जे लांबलचक महिने उरतात, त्यांत ती उपयोगी पडते.

तो उपयोग नेमका कोणता? व्यसन म्हणजे एका अर्थी हिशेब सुटलेली अवस्था होय. ‘किती घेता?’ असे विचारल्यावर ‘दोनच पेले’ असे जो सांगतो, तो प्रत्येक वेळी खोटे बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्याला तसे खरोखरच वाटत असते. सुखाचे क्षण आणि त्यांच्या खुणा जपून ठेवणारी जी यंत्रणा मेंदूत असते, तीच वारंवारच्या नशेने बिघडते. मग गुत्त्याची पाटी, पेल्याचा किणकिणाट, मित्राची हाक हे सारे ठळकपणे आठवते. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी, बुडालेला रोज, मुलाचा भेदरलेला चेहरा हे मात्र पुसट होत जाते. अशी स्मृती हा पक्षपाती साक्षीदार होय. त्याच दिवशी लिहिलेली ओळ पक्षपात करीत नाही. तीन महिन्यांनी मन जेव्हा ‘तेवढे काही वाईट नव्हते’ असे सांगू लागते, तेव्हा आपल्याच हस्ताक्षरातील ती ओळ त्याला उत्तर देते.

तथापि कोणतीही रोजनिशी हे काम करील असे मात्र नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण लिओ टॉलस्टॉय याचे आहे. १८४७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कझान येथील रुग्णालयात असताना त्याने रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. तिच्यात त्याने स्वतःसाठी नियमांमागून नियम लिहिले. जुगाराचे त्याला भारी वेड होते. पत्ते खेळणार नाही असा निश्चय करावा, तो मोडावा, मग स्वतःची कठोर निर्भर्त्सना करावी आणि पुन्हा नवा निश्चय करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे यास्नाया पोल्याना येथील त्याचा राहता मोठा वाडा विकावा लागला आणि घेणाऱ्याने तो उतरवून दुसरीकडे नेला. तरीही पत्ते सुटले नाहीत. जगातील एवढा सूक्ष्म मनोवेधक लेखक लिहीत होता, आणि तरी त्या काळात लिहिण्याने त्याचा जुगार थांबला नाही.

याचे कारण माझ्या मते असे, की निश्चय आणि पश्चात्ताप ही दोन टोके झाली. चूक घडते ती या दोहोंच्या मधल्या तासांत. संध्याकाळी सहा वाजता निश्चय शाबूत होता आणि नऊ वाजता मोडला, तर सहा ते नऊ या वेळात काय काय घडले, हे लिहिल्यावाचून त्या मोडण्याचे मर्म हाती लागत नाही. ‘मी पापी आहे’ असे दहा वेळा लिहिल्याने मन क्षणभर हलके होते. पण उद्या कोणत्या वळणावर सावध राहावयाचे, हे त्यातून कळत नाही. व्यसनमुक्तीची रोजनिशी ही कीर्दीसारखी असावी. तिच्यात न्यायनिवाड्यापेक्षा नोंद महत्त्वाची.

मग नोंद कशाची करावी? तलफ केव्हा आली, त्या वेळी आपण कोठे होतो, सोबत कोण होते, पोटात अन्न होते की नाही, मनात काय चालले होते, तलफेचा जोर शून्य ते दहा या मापाने किती होता, आपण काय केले आणि ती किती वेळाने ओसरली, एवढ्या गोष्टी पुरेत. चार-पाच ओळींहून अधिक लिहिण्याची गरज नाही. भाषा सुंदर असण्याची तर मुळीच नाही. ‘सायंकाळी साडेसहा. कारखान्याच्या फाटकाबाहेर. पगार खिशात. दुपारी जेवलो नव्हतो. जोर आठ. चुलतभावाबरोबर चालत घरी आलो. सात वाजता जोर तीन.’ ही नोंद रोजनिशी म्हणून परिपूर्ण आहे.

या शेवटच्या आकड्याचे मोल फार मोठे आहे. तलफ आलेल्या माणसाला वाटते, की ही आता वाढतच जाणार आणि भागविल्यावाचून शमणार नाही. वास्तविक ती लाटेसारखी असते. चढते, माथ्याला पोचते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आतबाहेर उतरते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी तर लाटेवर तरंगणाऱ्याची उपमा घेऊन तलफेला न झगडता ती उतरेपर्यंत थांबण्याची रीतच शिकविली. परंतु हे दुसऱ्याने सांगून पटत नाही. स्वतःच्या वहीत ‘आठ’ आणि ‘तीन’ हे आकडे वीस वेळा शेजारीशेजारी दिसले, म्हणजे एकविसाव्या वेळी थांबण्याचे धैर्य येते.

आता खतावणीकडे वळू. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी, मागील पाने वाचावीत आणि सारख्या नोंदी एकत्र कराव्यात. एखाद्याची अशी समजूत असते, की आपण दुःखामुळे पितो. चार आठवड्यांच्या नोंदी मांडल्यावर दिसते, की दहांतील सहा तलफा पगाराच्या आणि सुटीच्या दिवशी आल्या. दुःखाच्या दिवशी दोनच. दुसऱ्याला वाटते, मित्र बिघडवितात. नोंदी सांगतात, की बायकोशी अबोला झाल्यावर तो स्वतःच मित्रांना शोधावयास निघतो. मार्लाट व त्यांचे सहकारी यांनी व्यसनाकडे परत वळलेल्या अनेकांचे अनुभव तपासले, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत तीन कारणे पुढे आली. मनाची खिन्न वा क्षुब्ध अवस्था, जवळच्या माणसांशी झालेला बेबनाव आणि इतरांचा आग्रह. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादिलेला या विषयावरील ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. आपले खाते या तिहींपैकी कोणते, हे ज्याला कळले त्याला उपायही सुचतो. पगाराच्या दिवशी पत्नीला किंवा भावाला फाटकापाशी बोलावणे, हा उपाय किती साधा! परंतु खतावणी केल्यावाचून तो सुचत नाही.

लेखी आत्मपरीक्षणाला व्यसनमुक्तीच्या इतिहासात जुने स्थान आहे. १९३५ साली अमेरिकेतील ओहायओ राज्यात अ‍ॅक्रन येथे एक रोखेदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही मद्याने पोळलेले, एकत्र आले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील चौथी पायरी स्वतःची निर्भय झडती घेण्याची आहे, आणि ती कागदावर मांडावी अशी अपेक्षा आहे. तेथेही दुकानातील मालाच्या मोजदादीचाच दाखला दिला आहे. पाचव्या पायरीत ते लिखाण दुसऱ्या एका माणसापाशी उघड करावयाचे, आणि दहावीत ही झडती पुढे नित्य चालू ठेवावयाची. या क्रमात मोठे शहाणपण आहे. एकट्याने लिहिलेले कधीकधी एकट्यापुरतेच फिरत राहते. विश्वासू माणसाने ऐकले, की त्याला वाट फुटते.

महाराष्ट्रात तर लेखणीचा या कार्याशी आणखी एक संबंध आला. ब्राऊन शुगरच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते पुढे ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूप झाले. त्या लेखनाने हेलावून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी साहाय्य देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे केंद्र सुरू झाले. दुःख स्वच्छ शब्दांत मांडले गेले, म्हणजे त्यावर काही करता येते, याची ही सार्वजनिक साक्ष म्हणावयास हरकत नाही.

मनातील खोल जखमा लिहाव्यात की नाहीत, हा प्रश्न थोडा नाजूक आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. ज्यांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंग, त्यांतील घटना आणि भावना या दोहोंसह लिहिले, त्यांना पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. परंतु लिहून होताच त्यांचे मन आधीपेक्षा अधिक जड झाले होते, हेही त्याच प्रयोगात आढळले. व्यसन नुकतेच सोडलेल्या माणसाला हे जडपण पेलेलच असे नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत साध्या दैनंदिन नोंदींवर भागवावे आणि जुन्या जखमांचे लेखन समुपदेशकाच्या आधाराने, दिवसाउजेडी करावे. रात्री एकटे असताना ते काढू नये.

सर्वांत कसोटीचा दिवस म्हणजे पाय घसरण्याचा दिवस. चाळीस दिवस निर्मळ गेले आणि एकेचाळिसाव्या दिवशी पेला ओठाला लागला, तर माणूस म्हणतो, ‘सारे संपले, आता एक काय आणि दहा काय!’ खरा घात पहिल्या पेल्यापेक्षा या वाक्याने होतो. आणि नेमक्या त्याच दिवशी तो वही मिटून कपाटात टाकतो, कारण तिच्याकडे पाहण्याची लाज वाटते. दिवाळे निघण्याच्या भीतीने कीर्द बंद करणारा व्यापारी आणि हा माणूस यांत फरक नाही. त्या दिवसाचे पान कोरे राहता कामा नये. काय झाले, कोणत्या वेळी, त्याआधीच्या तीन तासांत काय घडले, एवढे तरी लिहावे. आणि मागील चाळीस पाने फाडू नयेत. ते चाळीस दिवस जमेच्या बाजूला आहेत आणि तेथून त्यांना कोणी काढू शकत नाही. पान लिहून झाले, की डॉक्टरांना, समुपदेशकाला किंवा गटातील सोबत्याला त्याच दिवशी कळवावे.

घरच्या माणसांसाठीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. वर्षानुवर्षे फसवणूक सोसलेल्या पत्नीला किंवा आईला ती वही उघडून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वही चोरून वाचली जाते, असे एकदा कळले, की तिच्यात खरे लिहिणे थांबते. मग ती घरच्यांना दाखविण्यासाठी लिहिली जाऊ लागते आणि निरुपयोगी होते. त्याने होऊन दाखविली तर वाचावी, आणि वाचून झाल्यावर तिच्यातील वाक्य भांडणात कधीही उगारू नये.

भाषेविषयी म्हणाल, तर ज्या भाषेत आपण स्वतःशी बोलतो तीच उत्तम. इंदूर, बडोदे, हैदराबाद, भिलाई येथे राहणाऱ्या मराठी माणसाला उपचार हिंदीत किंवा इंग्रजीत घ्यावे लागत असतील. पण ‘तलफ’ या एका शब्दात त्याला जे कळते, ते परभाषेतील चार वाक्यांनीही कळेलच असे नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत खूण करावी. तलफ आली तर टिंब, निभावली तर रेघ. महिनाअखेर ती चौकटींची रांग पाहणे हीही खतावणीच होय.

पहिल्या दिवशी मोठा ग्रंथ हाती घेऊ नये. शाळेच्या मुलाची साधी वही घ्यावी, रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे ठरवावीत, तारीख घालावी आणि आज तलफ केव्हा आली व केव्हा गेली एवढेच लिहावे. वर्षभराने त्या वहीचा मालक स्वतःविषयी जे जाणत असेल, ते त्याला कोणत्याही व्याख्यानाने शिकविता आले नसते.