तक्तपोशीची दुरुस्ती
तक्तपोशीची दुरुस्ती : लाकडी फळ्या जडवून केलेल्या जमिनीस अथवा छतास तक्तपोशी म्हणतात. ‘तख्ता’ (फळी) व ‘पोश’ (आच्छादन) या फार्सी शब्दांवरून ही संज्ञा मराठीत रूढ झाली. जुन्या नाशिक शहरात सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली तसेच गोदावरीपलीकडील पंचवटी या भागांत जे वाडे टिकून आहेत, त्यांच्या तळमजल्याची जमीन सामान्यतः शेणामातीची वा दगडी फरशीची असे. लाकडी जमीन माडीवर असे. त्यामुळे माडीवरची तक्तपोशी हेच खालच्या माजघराचे छत होय. थंड देशांतील घरांत लाकडी जमीन पुष्कळदा दुसऱ्या पक्क्या थरावर अंथरलेली असते व तेथे घरमालक स्वतःच ती घासून नवी करतो. वाड्यातील फळी मात्र घराच्या सांगाड्याचाच भाग असते. म्हणून येथे दुरुस्तीचा आरंभ वरून नव्हे, तर खालून करावा लागतो.

रचना : वाड्याचा भार मुख्यत्वे लाकडी खांब व तुळया पेलतात. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. दोन खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या व कड्यांवर फळ्या अशी ही मांडणी असून तिला कडीपाट असेही म्हणतात. काही ठिकाणी फळ्यांवर मातीचा थर देऊन वरून सारवण करीत. काही ठिकाणी फळ्या उघड्याच ठेवीत. कड्यांची भिंतीकडील टोके मातीच्या वा विटांच्या भिंतीत रुतविलेली असतात. पेशवेकालीन सरकारवाडा आणि चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल या नाशिक जिल्ह्यातील वास्तूंत अशा लाकूडकामाचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात.

या कामासाठी प्रामुख्याने सागवान वापरीत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ व सुरगाणा या भागांत तसेच लगतच्या डांगच्या जंगलात साग होतो. सागाच्या मध्यकाष्ठातील तैलयुक्त द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी त्याच्यापासून बऱ्याच अंशी दूर राहतात. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नसते. सागाची फळी पोखरलेली दिसली, तर बहुधा तिच्या कडेला रसकाष्ठाची पट्टी राहून गेलेली असते.

तपासणी : खालच्या खोलीतून दिवा व टोच्या घेऊन प्रत्येक कडीची दोन्ही टोके तपासावीत. टोच्या सहज आत शिरला, तर तेथे कूज आहे असे समजावे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की कूज आणणारी बुरशी वाढते. अशा जागा ठरलेल्या असतात : माडीवरील मोरीखालचा भाग, पन्हाळीलगतची भिंत आणि कौले फुटलेल्या जागेखालील कोपरा. मोरीखालची कडी तर तपासण्यापूर्वीच संशयित मानावी. बारीक छिद्रांतून ताजा पिवळसर भुगा पडत असेल, तर भुंगेऱ्यांचा उपद्रव चालू आहे; भुगा नसलेली काळपट छिद्रे बहुधा जुनी असतात. मातीच्या नळ्या हे वाळवीचे चिन्ह होय. कोरड्या जागी टाकणखार व बोरिक अम्ल यांचा विद्राव ब्रशने लावल्यास उपयोग होतो. मात्र तो पाण्याने धुऊन जातो, म्हणून आधी गळती थांबविणे आवश्यक असते. वाळवीचा मूळ मार्ग जमिनीतून येत असल्याने तेथील उपाय जाणकाराकडून करवावा.

जमिनीचा उतार दोरी ताणून पाहावा. एका खांबाकडे सर्व बाजूंनी उतार असल्यास दोष फळ्यांचा नसून खांब खचल्याचा असतो. १९६९, २००८ व २०१६ मध्ये गोदावरीला आलेल्या पुरांचे पाणी काठच्या वस्तीत शिरले होते. अशा भागांत खांबाचा बुंधा व तळखड्याखालील भराव यांकडे विशेष लक्ष द्यावे. खचलेला खांब, तडकलेली तुळई किंवा कुजलेले कडीचे टोक ही घरगुती कामे नव्हेत. संरचना अभियंता व अनुभवी सुतार यांचा सल्ला घेऊन, टेकू देऊनच ती करावीत. कुजलेल्या टोकाशेजारी पक्क्या लाकडाची जोडकडी बोल्टांनी आवळता येते. भिंतीतील तिचे टोक सिमेंटने लिंपू नये. सिमेंट ओलावा कोंडून ठेवते. टोकाभोवती थोडी हवा खेळती ठेवून बाहेरून चुन्याने भरावे.

भार : गेल्या शतकात अनेक घरांत तक्तपोशीवर शहाबादी फरशी बसविण्यात आली. ती धुण्यास सोयीची खरी. परंतु २५ मिमी. जाडीच्या फरशीचे वजन दर चौ. मी. ला सु. ६५ किग्रॅ. भरते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत केवळ दगडाचा भार ७०० किग्रॅ.हून अधिक होतो आणि खालच्या गाऱ्याचा भार त्यात मिळवावा लागतो. शिवाय फरशीखाली फळीची अवस्था दिसत नाही. कड्या वाकलेल्या असताना वरची जमीन फरशीने सपाट करून घेणे हा सर्वांत महागात पडणारा सोपा उपाय होय. फरशी काढताना ती एका कोपऱ्यात रचून ठेवू नये. काढली तशी खाली उतरवावी.

काळ : नाशिकची हवा चैत्र-वैशाखात अतिशय कोरडी, तर श्रावणात दमट असते. लाकूड त्यानुसार आकसते व फुगते. सागाची फळी रुंदीत, लाकडातील ओलावा एक टक्क्याने बदलल्यास, कापणीच्या दिशेनुसार सु. ०·१ ते ०·२ टक्के बदलते. ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला, तर ३० सेंमी. रुंद फळी जवळजवळ साडेतीन मिमी. पर्यंत फुगू शकते. मे महिन्यात दिसणाऱ्या फटी लांबीने गच्च भरल्यास पावसाळ्यात फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. म्हणून हे काम कार्तिक ते माघ या काळात करावे आणि बारीक फटी तशाच राहू द्याव्यात. रुंद फटीत सागाची पातळ पट्टी एकाच बाजूने चिकटवावी.

फळ्या : फळी काढावयाची असल्यास आधी खडूने प्रत्येकीवर क्रमांक व दिशा लिहावी. घडीव खिळे ओढून काढताना फळीची कड फाटते; शक्य तेथे खिळ्याच्या डोक्याभोवती पटाशीने थोडी जागा करून तो सैल करावा. सागाच्या लाकडातील सूक्ष्म सिलिकेमुळे हत्यारांची धार लवकर जाते, तेव्हा धार लावण्याचा दगड जवळ ठेवावा. नव्या तुकड्यासाठी जुनेच सागवान घ्यावे. वाडा उतरविल्यावर त्याचे लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येते; ते पुरते मुरलेले असते व रंगानेही जुळते. एका वाड्याच्या मोडतोडीतून दुसऱ्याची जमीन सांधली जावी, ही आजची स्थिती आहे.

पृष्ठभाग : येथे घरच्या माणसाला मोकळेपणाने काम करता येते. उघड्या खिळ्यांची डोकी प्रथम ठोकून पृष्ठभागाखाली न्यावीत. यंत्राने घासण्याचा मोह टाळावा. यंत्र एका फेरीत बरेच लाकूड खाते, फळी पातळ होते व वाकसाने तासल्याच्या जुन्या खुणा नाहीशा होतात. पोलादी खरवडणीने रेषांच्या दिशेने खरवडून नंतर ८० व १२० क्रमांकांचा काचकागद हाताने फिरविणे पुरेसे असते. फळ्यांवर जुना तेलरंग असल्यास तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे भारतीय नियम २०१६ मध्ये झाले व २०१७ मध्ये अंमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव गृहीत धरावा. असा रंग ओला करून खरवडावा, भुगा ओल्या फडक्याने टिपावा व मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

शेवटी उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने दोन-तीन वेळा लावून प्रत्येक वेळी उरलेले तेल पुसून घ्यावे. वाळल्यावर मेण घासावे. आधुनिक पॉलियुरेथेनाचा लेप अधिक टिकाऊ असतो, परंतु फळ्या हलल्या की तो सांध्यांवर तडकतो व पुढे सर्व खरवडून काढावा लागतो. तेलाची जमीन मात्र जेथे झिजली तेवढीच पुन्हा तेलवता येते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. वाळताना ती तापून आपोआप पेट घेऊ शकतात. लाकडी घरात ही चूक जिवावर बेतणारी आहे. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर पसरून वाळवावीत.

कायदेशीर बाजू : अनेक वाड्यांत मालक व भाडेकरू निराळे असून दुरुस्ती कोणी करावयाची यावरून ती राहून जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे, विरुद्ध करार नसल्यास, मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होऊ शकत नाही. जुन्या वाड्यांतील नाममात्र भाडी पाहता या रकमेत एक फळीही येणे कठीण. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नाशिक महानगरपालिका मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस आलेल्या घरात तक्तपोशी उचकटण्यास हात लावू नये. आधी इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी व तज्ज्ञाने सांगितल्यास घर तत्काळ रिकामे करावे.

निगा : तक्तपोशी पाण्याने धुऊ नये, झाडून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. जड लोखंडी कपाटे खोलीच्या मध्यभागी न ठेवता खांबांजवळ, शक्यतो तुळईच्या रेषेवर ठेवावीत. पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर खालच्या खोलीत जाऊन कड्यांची टोके, विशेषतः मोरीखालची, पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहावीत.